वठलेला शेंडा

उजवा हात कापायला लागल्यापासून माझ्या वठलेल्या झाडांची फार तारीफ होते. रेषेत म्हणे आता मुरलेपण आलंय. मी मान डोलावतो, चहा मागवतो.

खरं तर वठलेली फांदी थरथरत नाही. हलते ती जिवंत, पानांच्या ओझ्यानं वाकलेली. वठलेली ताठ जाते, कोनात वळते आणि मध्येच मोडून संपते. कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचा ओक बघावा. चित्र १८२२चं, ‘एकाकी झाड’. मूळ बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत, माझ्या टेबलासमोर छापील प्रत. शेंडा पार वठलेला, खाली भरगच्च पालवी, बुंध्याला टेकलेला मेंढपाळ. एकाच खोडात वठलेलं कुठं संपतं आणि ओलं कुठं सुरू होतं, तो सांधा मला अजून साधत नाही.

तैलरंगात उजळ रेघ मागाहून ओढता येते. जलरंगात रुपेरी लाकूड म्हणजे कोरा राखलेला कागद. आकाशाचा वॉश द्यायच्या आधीच फांदी कुठं मोडणार ते ठरलेलं हवं, आणि हात कापला की नेमकी ती मोडच सरकते. वॉश वाळल्यावर ब्लेडनं खरवडून पाहिलं. फांदी पांढरी होते, पण सोललेली दिसते. सांध्याशी बर्न्ट सिएना सोडला तर तिथं गंज चढल्यासारखं वाटतं.

गंजावरून आठवलं. हल्ली प्रदर्शनांत पडझडीचं पीकच आलंय. उखडलेला गिलावा, गंजलेली कडी, दारात म्हातारी. ओल्या वॉशवर मीठ भुरभुरलं की भिंत आपोआप कुजते. फ्रीडरिशही काही सोवळा नव्हता. ग्राइफ्सवाल्डजवळच्या एल्डेना मठाचे अवशेष त्यानं चित्रात खुशाल डोंगरात नेऊन ठेवले. पण झाडं आधी बाहेर बसून पेन्सिलीनं काढलेली असत. तेच ओक वर्षांनंतर स्टुडिओतल्या चित्रांत येत. उदासी नंतरची, आधी फांदी.

१८३५ला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचे तैलरंग जवळपास सुटले. मग सेपिया आणि जलरंग. हे वाचून हळहळ वाटायला हवी होती. मला मात्र, शेवटी आमच्याच पंगतीला आला, असं वाटून गुदगुल्या झाल्या.

परवा एका गिऱ्हाइकानं माझा असाच एक शेंडा घेतला. या थरथरीतच सगळं आहे, म्हणाला. किंमत थोडी उतरवायचं मनात होतं. नाही उतरवली.