हातचा

आमचे वडील लातूरला एका आडत्याकडे मुनीम होते. संध्याकाळी ते रोजकीर्द घरी आणीत आणि जेवणापूर्वी बेरजा पुन्हा ताडून पाहत. आम्ही शेजारी पाटी घेऊन बसलेलो असू. बेरीज करताना त्यांचे ओठ हलत. एकदा कान देऊन ऐकले तेव्हा ध्यानात आले, की हे आकडे मराठी नव्हेत. ओठांत 'उनचास', टाकाखाली ४९, आणि आईने विचारले की 'एकोणपन्नास'. त्यांचे माध्यमिक शिक्षण निजामी अमलात नांदेडला उर्दूतून झाले होते. १७ सप्टेंबर १९४८ ला तो अंमल संपला, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. वडिलांचा हातचा मात्र उर्दूतच राहिला.

हे सारे आमच्या मनाच्या तळाशी जाऊन बसले होते. ते वर आले २०१९ साली, आणि तेही साहित्याच्या निमित्ताने नव्हे. आमची भाची तेव्हा नांदेडला, विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. तिच्या प्रकल्पात एका लहानशा चिपवर देवनागरी अक्षरे काढून ती पडद्यावर दाखवायची होती. "मामा, तुम्ही मराठीचे. मला एकशेअठ्ठावीस आकारांत सगळी मराठी बसवून द्या," असे तिने फर्मावले. आयुष्यभर व्याकरण शिकवूनही असा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा, रफार अशी मोजदाद सुरू झाली. अर्ध्या अक्षरांनी बरीच जोडाक्षरे सुटली. 'क्ष' आणि 'ज्ञ' सुटेनात. 'क्ष'मध्ये 'क' कोठे संपतो आणि 'ष' कोठे सुरू होतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही. घटक आकारात उरलेलेच नाहीत. त्यांना स्वतंत्र घरे द्यावी लागली. 'वाऱ्या'तल्या 'ऱ्य'साठी आम्ही भांडून एक घर मिळवले, त्याचा अभिमान अजून आहे.

यादी झाली आणि पंधरा दिवसांनी फोन आला, की प्रकल्प चिपमध्ये मावत नाही. परीक्षकांपुढे जायला चार दिवस होते. आमचा उपयोग शून्य. तरी अहमदपूर-लोहामार्गे आम्ही नांदेड गाठले, कारण आकार आम्ही दिले होते आणि आमच्याच 'ऱ्य'ने घात केला अशी धास्ती होती.

तिने हिशेब मांडून दाखवला. प्रत्येक आकाराला २४ ओळी, दर ओळीत १६ ठिपके. असे १२८ आकार, म्हणजे ४९१५२ बिटे. तिच्या आइसफॉर्टी जातीच्या चिपमध्ये ४०९६ बिटांचे १६ मेमरी ब्लॉक होते. बरोबर १२ ब्लॉकांत सारी अक्षरे बसायला हवीत. पण अवजार त्या ब्लॉकांना हातच लावत नव्हते. अक्षरे सुट्या लॉजिक सेलांतून उभी करू पाहत होते. एका सेलच्या सारणीत १६ बिटे मावतात. सरळ भागाकाराने ३०७२ सेल लागतात, आणि चिपवर होते १२८०. सारखे भाग शोधून अवजार काटकसर करते, पण एवढी नव्हे.

इथे थोडे थांबून सांगायला हवे. अशी सर्किटे आज हाताने काढीत नाहीत. अभियंता व्हेरिलॉगसारख्या भाषेत वर्णन लिहितो आणि सिंथेसिसचे अवजार (तिचे 'योसिस' नावाचे, फुकट मिळणारे) त्याचे सर्किटात भाषांतर करते. त्या भाषांतरात फ्लिपफ्लॉप नावाचा एक घटक पदोपदी येतो. तो एकच बिट, शून्य किंवा एक, पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो. त्याचा पूर्वज एक्लिस आणि जॉर्डन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९१८ साली निर्वात नळ्यांतून घडवला. (हैदराबादला उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही त्याच वर्षी, संबंध काही नाही, पण आम्हांस असे योगायोग आवडतात.) अंकामागून अंक अशी बेरीज करणाऱ्या सर्किटात एकच फ्लिपफ्लॉप असतो आणि त्याचे काम फक्त हातचा धरून ठेवणे. भाचीने हे सांगितले आणि आम्हांला वडिलांचे ओठ दिसले.

अनेक चिपांत मेमरी ब्लॉक, गुणाकाराचे ब्लॉक, चिपच्या पायांपाशी असलेले सेल, यांच्या पोटात फ्लिपफ्लॉपची एक जागा आधीच राखलेली असते. बाहेर सुटा फ्लिपफ्लॉप दिसला की अवजार तो शेजारच्या सेलच्या पोटात ढकलता येईल का हे पाहते. जमले तर सुटा फ्लिपफ्लॉप यादीतून नाहीसा होतो, कधी त्याचे नावही पुसले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला काडीचा फरक कळत नाही. भाचीच्या चिपमधले ब्लॉक तर घड्याळाच्या ठोक्यावाचून वाचू देतच नाहीत. म्हणजे मेमरीमागचा फ्लिपफ्लॉप तिच्यात विलीन झाला तरच अक्षरे ब्लॉकात जाणार; नाही झाला तर सारे ओझे सुट्या सेलांवर.

विलीनीकरणाला अटी आहेत. दोघांचे घड्याळ एक हवे. आणि मेमरीतून निघालेले मूल्य फ्लिपफ्लॉपकडे जाण्याआधी वाटेत दुसऱ्या कोणी वाचलेले नसावे. मधे एकाने जरी डोकावले, तरी ते मूल्य त्याच्यासाठी उघडे ठेवावे लागते आणि विलीनीकरण फिसकटते. पत्त्याच्या बाजूचा फ्लिपफ्लॉप आत घेण्याचीही एक वाट असते. पण तिचा पत्ता आकाराचा क्रमांक गुणिले चोवीस अधिक ओळ असा जागच्या जागी तयार होत होता, तिथे फ्लिपफ्लॉपच नव्हता.

डोकावत कोण होते? अवजाराचा अहवाल आणि तिचा मजकूर तिने रात्री ओळीओळीने लावून पाहिला. आठवडाभरापूर्वी, अक्षरे खरेच बाहेर येतात ना या शंकेने, तिने मेमरीच्या १६ तारांपैकी एक तार थेट एका दिव्याला जोडली होती. एका बिटाची ती चोरटी नजर, आणि त्यापायी बाराही ब्लॉक रिकामे. वास्तविक ४० नॅनोसेकंदांनी बदलणारे बिट दिव्यात पाहून कोणाला काय कळणार? तिने दिव्याची तार फ्लिपफ्लॉपच्या पलीकडे नेली, फ्लिपफ्लॉप मेमरीत विलीन झाले, आणि पहाटे पडद्यावर 'वाऱ्यावरची वरात' ही अक्षरे उमटली. 'ऱ्य' निर्दोष ठरला.

निघण्यापूर्वी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. पडद्यावरचा मजकूर दुसऱ्या मेमरीत असतो, आणि तीत लिहिणे व वाचणे दोन्ही चालते. एकाच ठोक्याला, एकाच घरात नवे अक्षर लिहिले जात असताना वाचणाऱ्याला काय दिसावे, जुने की नवे? फ्लिपफ्लॉप मेमरीच्या मागे असेल तर जुने, पुढे पत्त्यापाशी असेल तर नवे. विलीन करताना अवजाराला हा भेद जपावाच लागतो. ब्लॉकाला तो जमत नसेल तर भोवती जादा सेल खर्चून जपावा लागतो.

परतीच्या बसमध्ये आम्ही एकनाथांचा विचार करीत होतो. शके १५०६ मध्ये पैठणला त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मधल्या तीनशे वर्षांतले पाठ त्या प्रतीत मिसळले, गळले. वाचकाला एकसंध ग्रंथ मिळाला, हे त्यांचे उपकार. पण आपली पोथी एकनाथांपूर्वीची आहे असे सांगत राजवाड्यांनी १९०९ साली वेगळी ज्ञानेश्वरी छापली, आणि आमच्या धंद्यातली माणसे तेव्हापासून मधल्या पाठांसाठी भांडत आहेत. अवजाराला निदान मोजता येते, की वाटेत कोणी डोकावले नव्हते. भाषेच्या बाबतीत ती खात्री कोण देणार? तिथे शेजारी पाटी घेऊन कोणी ना कोणी बसलेले असतेच.

घरी आल्यावर बहिणीला फोन केला; लेकीचे कौतुक झाले, मग वडिलांच्या उर्दू आकड्यांची गोष्ट आम्ही सांगितली. ती आमच्याहून बारा वर्षांनी लहान. थोडा वेळ ती गप्प राहिली.

"दादा, काहीतरीच तुझे," ती म्हणाली. "अण्णांचे ओठ कधी हलत नसत. आणि ते मराठीतच मोजायचे."

आम्ही वाद घातला, शेठजींच्या जुन्या नोकरांची नावे घेतली, आईची शपथ घातली. ती ऐकेना. तिने अण्णांना जवळून पाहिले तोवर ते पन्नाशीला आले होते, आणि बेरीज पाहता पाहता सांगत असत. त्या ओठांतला 'उनचास' ऐकलेला आता आमच्याखेरीज कोणी हयात नाही.