आधी जाग, मग माप

घरगुती हवामानकेंद्र आणि इशारा-रेडिओ ही दोन उपकरणे अमेरिकेतील दुकानांत शेजारीशेजारी मांडलेली असतात आणि अनेकदा एकाच खरेदीत घेतली जातात. तथापि त्यांची कामे मुळातच वेगळी आहेत. हवामानकेंद्र, म्हणजे तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, वारा व पाऊस मोजून त्यांचे आकडे घरातील पडद्यावर दाखवणारा संच, अंगणात या क्षणी काय चालले आहे ते सांगते. इशारा-रेडिओ मात्र अजून अंगणात न पोहोचलेल्या संकटाची खबर देतो. ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथे राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबाने हा फरक न ओळखता पहिल्या वर्षी फक्त हवामानकेंद्र घेतले आणि रेडिओची गरज एका मे महिन्यातील रात्रीनंतर उमगली, म्हणून येथे निवडीचा क्रम तो व्हायला हवा होता तसा मांडला आहे.

या प्रदेशातील मुख्य भय टोर्नॅडोचे. मराठीत ‘चक्रीवादळ’ हा शब्द समुद्रावर तयार होणाऱ्या, शेकडो किलोमीटर व्यासाच्या आणि काही दिवस आधीपासून माग काढता येणाऱ्या वादळासाठी रूढ आहे. टोर्नॅडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत उतरलेला, प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा अरुंद स्तंभ, ज्याची नेमकी सूचना बहुधा काही मिनिटेच आधी मिळते. पुण्याहून आलेली लेखिकेची आई त्याला ‘वावटळ’ म्हणत असे, आणि आकाराच्या दृष्टीने तो शब्द चुकीचाही नाही. फक्त नॉर्मनला लागून असलेल्या मूर शहरात 20 मे 2013 रोजी अशाच एका ‘वावटळी’ने 24 माणसांचा बळी घेतला, हे त्या शब्दातून कळत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे रेडिओ प्रक्षेपण 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील सात ठरावीक वारंवारितांवर चोवीस तास चालते आणि ते साध्या एफएम संचावर ऐकू येत नाही, त्यासाठी वेगळा संच घ्यावा लागतो. धोक्याचा इशारा निघाला की आधी एक सांकेतिक खरखर तीनदा ऐकू येते, मग 1050 हर्ट्झचा एकसुरी, कानात घुसणारा नाद आणि त्यानंतर मजकूर. गप्प ठेवलेला संच त्या संकेताने आपोआप जागा होतो. ज्या रात्रीचा वर उल्लेख आला त्या रात्री घरात हे काहीच नव्हते. फोन दुसऱ्या खोलीत आवाज बंद करून चार्जिंगला लावलेला होता, आणि शहराचा भोंगा मुळात घराबाहेर असलेल्यांना सावध करण्यासाठी असल्याने बंद खिडक्या आणि चालू वातानुकूलन यांच्या आड तो कोणाला ऐकू आला नाही. शेजाऱ्याने दार बडवले तेव्हा कुटुंब उठले. टोर्नॅडो त्या रात्री दुसरीकडून गेला, परंतु हवामानकेंद्राचा पडदा स्वयंपाकघरात वाऱ्याचा वेग दशांशापर्यंत दाखवत उभा होता आणि त्याच्या त्या अचूकतेचा झोपलेल्या माणसांना काडीचा उपयोग झाला नव्हता.

रेडिओ घेताना पाहायची पहिली गोष्ट म्हणजे त्यात जिल्ह्याचा संकेतांक भरता येतो की नाही. अमेरिकेत राज्याच्या जिल्ह्याला ‘काउंटी’ म्हणतात आणि प्रत्येक काउंटीला सहा आकडी संकेतांक असतो. नॉर्मन ज्या क्लीव्हलँड काउंटीत आहे तिचा 040027, ज्यात 40 हे ओक्लाहोमा राज्य आणि 027 ही काउंटी. संकेतांक न भरता संच ‘सर्व काउंट्या’ या पर्यायावर ठेवला, जसा तो या घरात पहिले तीन आठवडे होता, तर दूरदूरच्या काउंट्यांमधील प्रत्येक वादळासाठी तो रात्री-अपरात्री किंचाळतो, आणि वैतागलेला माणूस अखेर त्याचा प्लग काढून ठेवतो, जे या घरातही घडले. प्लग काढलेला रेडिओ हा रेडिओ नसण्यापेक्षा वाईट, कारण तो असल्याचा भरवसा मनात राहतो. पुढे क्लीव्हलँडबरोबर फक्त ग्रेडी आणि मॅक्लेन या दोन काउंट्यांचे संकेतांक ठेवले गेले, कारण येथील वादळे बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकतात आणि नॉर्मनवर येणारे संकट बरेचदा आधी त्यांच्यावरून येते. दुसरी गोष्ट विजेची: वादळात वीज जाणारच, तेव्हा सेलवर चालू न राहणारा संच विचारातही घेऊ नये.

आईला इंग्रजी मजकूर समजत नसे, आणि दुपारी ती घरी एकटी असे. 2023 मध्ये भारतात मोबाइलवर वाजलेले चाचणीचे इशारे तिने ऐकले होते, त्यामुळे अचानक होणाऱ्या आवाजाचे तिला नवल नव्हते. प्रश्न पुढे काय करायचे हा होता. म्हणून रेडिओच्या वर तिच्याच अक्षरातील दोन ओळींचा कागद चिकटवला गेला: ‘टोर्नॅडो वॉच ऐकू आले तर बूट दाराशी, चष्मा गळ्यात’ आणि ‘टोर्नॅडो वॉर्निंग ऐकू आले तर लगेच गॅरेजमधील तळघरात’. वॉच म्हणजे टोर्नॅडो होण्यास हवा अनुकूल आहे आणि वॉर्निंग म्हणजे तो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे; हा भेद इंग्रजी जाणणारेही घाईत विसरतात. आठवड्याच्या चाचणीचा नाद झाला की ती दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाही.

एवढे झाल्यावर हवामानकेंद्राचा आनंद निर्धास्तपणे घ्यावा, आणि तो मोठा आहे. येथे किंमतीपेक्षा जागा महत्त्वाची ठरते. तापमापक सावली देणाऱ्या, हवा खेळू देणाऱ्या झडपांच्या आवरणात, जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असावा. वायुवेगमापकाची प्रमाण उंची 10 मीटर आहे, जी अंगणात क्वचितच साधते, म्हणून कुंपणावर बसवलेल्या यंत्राचा वाऱ्याचा आकडा कमीच येणार हे धरून चालावे. दाबाच्या आकड्यासाठी गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची यंत्रात भरावी लागते. नॉर्मन सुमारे 355 मीटर उंचीवर असल्याने ती न भरल्यास दाब जवळपास 40 हेक्टोपास्कलने कमी दिसतो आणि नवखा माणूस निरभ्र दिवशी भलत्याच वादळाची वाट पाहत बसतो.

पावसाचे माप सर्वांत फसवे. बहुतेक घरगुती केंद्रांत नरसाळ्याखाली एक इवलेसे हेलकावे खाणारे भांडे असते, जे इंचाच्या शंभराव्या भागाइतका पाऊस साठला की कलंडते, आणि यंत्र त्या कलंडण्या मोजते. एका सकाळी रात्रभर धो धो पाऊस होऊनही पडद्यावर शून्य होते. नरसाळे उघडले तेव्हा भोकात ओक्लाहोमाच्या तांबड्या मातीचा गोळा घट्ट बसलेला होता आणि भांड्याच्या बिजागरीवर कोळ्याने जाळे विणले होते. तेव्हापासून शेजारी चार इंच व्यासाचा साधा नळीचा पर्जन्यमापक उभा आहे, ज्याच्या आतील अरुंद नळीत पडलेला पाऊस दहापट उंच दिसतो, त्यामुळे शंभरावा भागही नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. असाच पर्जन्यमापक वापरून रोजच्या नोंदी पाठवणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे कोलोरॅडोत 1998 मध्ये सुरू झाले, त्याआधीच्या वर्षी फोर्ट कॉलिन्स येथे आलेल्या पुरानंतर.

आई पुण्यास परतली तेव्हा पावसाच्या नोंदींची वही बरोबर घेऊन गेली. कागद मात्र रेडिओवर तसाच आहे, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी, घड्याळे एक तास पुढे करण्याच्या दिवशी, तो उचलून त्याखालील संचाचे तीनही सेल बदलले जातात.