तीन पाऊण सव्वादोन

पेण म्हटले की डोळ्यांसमोर गणपती उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. पण पनवेलहून रोह्याच्या गाडीने निघालात तर पेणच्या अलीकडे आपटा, जिते, हमरापूर अशी लहानलहान स्टेशने लागतात. जित्याला गाडी थांबते तेव्हा उतरणारी माणसे बोटांवर मोजून घ्यावीत. आपट्यापासून रोह्यापर्यंतचा हा रूळ १९८६ साली सुरू झाला. पुढे त्यालाच कोकण रेल्वे जोडली गेली, आणि आता गोव्याकडे धावणाऱ्या मोठ्या गाड्या जित्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात.

मी मात्र तिथे मुद्दाम उतरतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे राहतो. त्याच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत पांढऱ्याशुभ्र, अजून डोळे न उघडलेल्या मूर्तींच्या रांगा. या मुलाचा हात रंगात चांगला आहे, पण पाय त्याहून चांगले आहेत. पहाटे उठून तो मागच्या डोंगरावर धावत जातो आणि धावतच उतरतो. डांबरी रस्त्यावरच्या मॅरेथॉनची त्याला मातब्बरी नाही. सह्याद्रीच्या कडेकपाऱ्यांतून, दगडधोंड्यांतून हल्ली ज्या ‘ट्रेल’ शर्यती होतात, त्यांचे त्याला वेड. वडिलांना हे मुळीच पसंत नाही. ‘‘मागं चोर नाही, वाघ नाही, मग पळतोस कशाला?’’ हा त्यांचा सवाल, आणि खरे सांगायचे तर त्याला उत्तर देणे मलाही अवघड आहे.

गेल्या मार्गशीर्षात त्याने नवेच खूळ काढले. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर न्वारमुतिए नावाचे एक बेट आहे. तिथे जाणारा चारेक किलोमीटरचा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. त्या रस्त्यावर एक शर्यत होते, आणि तिची सुरुवात होते ती भरतीचे पाणी रस्त्यावर चढू लागले की. मागे राहील त्याने पाणी तुडवीत यावे. मुलाने ही शर्यत मोबाइलवर पाहिली आणि मला म्हणाला, ‘‘सर, आपला कुलाबा काय वाईट आहे?’’

कुलाबा म्हणजे मुंबईतले कुलाबा नव्हे. अलिबागसमोरचा किल्ला, ज्याच्या नावाने १९८१ पर्यंत आपला सगळा रायगड जिल्हा ओळखला जात होता, तो. शिवछत्रपतींनी १६८० साली त्याची उभारणी सुरू केली आणि संभाजीराजांनी ती तडीस नेली. पुढे ते आंग्र्यांचे मुख्य ठाणे झाले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले आणि हात हलवीत परत गेले. हा किल्ला खडकाच्या बेटावर आहे, पण भरतीपुरताच. पुरती ओहोटी लागली की वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणूस चालत तटापर्यंत जातो. मुलाचा बेत असा: धावत जायचे, तटाला बाहेरून, खडकांवरून पुरा वळसा घालायचा आणि धावत परत यायचे. अंतर म्हणाल तर किरकोळ. पण तासाच्या आत जमले, तर पावसाळ्यानंतरच्या एका डोंगरी शर्यतीत नाव घालायला वडिलांनी हरकत घ्यायची नाही, असा करार झाला होता. त्यात वडिलांनी एकच पाचर मारून ठेवली: ‘‘आजोबांना विचार. ते हो म्हणतील तर जा.’’

आजोबांचे सारे आयुष्य खारेपाटातल्या भातशेतीत गेलेले. तिथे समुद्राचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे आणि शेतातले पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर सोडायचे. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली की शेत खारावते, आणि मग त्यात काही वर्षे भाताचे नाव घ्यायला नको. अशा माणसाला भरतीचे वेळापत्रक विचारणे म्हणजे मला बाराखडी विचारण्यासारखे. नातवाने मोबाइल काढला, आजोबांनी बोटे काढली.

‘‘तीज धरा, मास्तर. तीन पाऊन सव्वादोन. सव्वादोनला भरती. त्याच्या सहा तास आधी सुकती, म्हंजे सव्वाआठ. पुढं एक तास तुमचा. त्याच्या पुढचा पान्याचा.’’

शाळेत पाठ केलेली आणि विसरलेली पाऊणकी मला इतक्या वर्षांनी अशी भेटली! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चंद्र रोज पाऊण तासापेक्षा थोडा जास्त मागे पडतो आणि पाणी त्याच्यामागून चालते. म्हणून शुद्ध पक्षात काय, वद्य पक्षात काय, तिथी प्रतिपदेपासून मोजायची आणि पाऊणकी म्हणायची. अष्टमीला आठ पाऊण सहा. म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, शहरी माणसाला किती सोयीची! पण अष्टमीचा भांग असतो. पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. तेव्हा वेळ सोयीची, वाट बुडालेली. अमावास्या-पुनवेला पाणी खूप उतरते, पण सकाळी सहाच्या काळोखात. उजेडही हवा आणि उधाणाची ओहोटीही हवी, तर बीज, तीज, चौथ. मोबाइलने सांगितले आठ बावीस. म्हाताऱ्याशी सात मिनिटांचा फरक.

तिजेच्या दिवशी आम्ही पाचजण निघालो. चार पोरे, आणि दमलेल्याला मागून आणायला म्हणून मी. (दमलेला मीच असणार, हे सगळ्यांना ठाऊक होते, कोणी बोलले नाही.) पेण, वडखळ, पोयनाड करीत अलिबागला पोहोचेपर्यंत आठ वाजले. आठ दहाला पोरे सुटली.

वाळू ओली, घट्ट होती आणि पावलांचा आवाज छान येत होता. हा भाग कोणीही धावेल. खडक सुरू झाला आणि धावण्याचे नाव बदलले. काळा कातळ, वर शेवाळ, आणि शेवाळ नाही तिथे कालवांच्या धारदार शिंपा. मधूनमधून डबकी, त्यांत खेकडे. इथे पाऊल टाकण्याआधी डोळ्याने जागा शोधायची, आणि डोळा पुढे असतानाच पाय मागून यायचा. पोरगा हे इतके सहज करीत होता की माझे स्वतःचे धडपडणे मी विसरलो.

किल्ल्यात मात्र त्याने घड्याळाला न जुमानता दहा मिनिटे घालवली. १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आत आहे. गणपती घडविणाऱ्या घरातला मुलगा गणपतीला ओलांडून जाणार नाही. एक जण गोड्या पाण्याच्या विहिरीवर रेंगाळला, दुसऱ्याने चाके असलेल्या इंग्रजी तोफांवर हात फिरवला. मग सगळे तटाबाहेर उतरले.

किल्ला दक्षिणोत्तर सुमारे नऊशे फूट आणि रुंदीला साडेतीनशे. तटाचे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले. लाट फटींत शिरते, तिचा जोर आतच जिरतो आणि भिंत उभी राहते. हे पुस्तकात वाचणे वेगळे, आणि हात त्या फटीत घालून पलीकडच्या बाजूचा गडगडाट ऐकणे वेगळे. समुद्राच्या बाजूला वळलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. खडक इथे तुटक होता. पोरे आता धावत नव्हती, चौपायी चालत होती. शेवटचा कोपरा दिसत होता. तो ओलांडला की वळसा पुरा.

आमच्या पुढे काही बाया कालवे काढीत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने पाण्याकडे पाहिलेही नाही. पाटी उचलली, डोक्यावर ठेवली आणि निघाली. मागोमाग बाकीच्या. घाई नाही, हाक नाही.

मुलगा थांबला. त्याचा मित्र ओरडला, ‘‘अरे, एवढंच तर राहिलंय! पाणी कुठं आहे?’’ पाणी खरोखरच कुठे दिसत नव्हते. पायांखालचा खडक कोरडा होता. भरती अंगावर धावून येते असे आपल्याला वाटते, पण ती आधी मागच्या सखल जागा भरते. आपण उंचवट्यावर कोरडे उभे असतो आणि किनाऱ्याची वाट तेवढ्यात बुडते. किल्ल्यात अडकलेला माणूस बुडत नाही; त्याने पुढच्या ओहोटीची नाहीतर होडीची वाट पाहायची, एवढेच. बुडतो तो ‘आता गुडघाभरच आहे’ म्हणून निघणारा.

मित्र म्हणाला, ‘‘बापाला काय सांगशील?’’

मुलाने त्या कोपऱ्याकडे एकदा पाहिले. ‘‘बाया निघाल्या,’’ म्हणाला, आणि वळला. पोरे कुरकुरत त्याच्यामागे आली. मी तर आधीच वळलो होतो.

परतताना वाळूच्या सखल पट्ट्यात पाणी घोट्यापर्यंत होते, पुढे पोटरीपर्यंत. आम्ही बायांच्या मागून एका ओळीत चाललो. त्यांच्या पाट्यांतून पाणी ठिबकत होते. किनाऱ्यावर येऊन मागे पाहिले तेव्हा आमची वाट निम्मी पुसली गेली होती, आणि होडीवाले माणसे बोलवायच्या तयारीला लागले होते.

चहाच्या टपरीवर मुलगा गप्प होता. तास टळला होता, वळसा अपुरा राहिला होता. करार मोडला होता. त्याच्या वडिलांचा फोन आला. त्याने सगळे सांगितले, कोपरा राहिल्याचेही. पलीकडे थोडा वेळ काही बोलणे झाले नाही, मग फोन आजोबांच्या हातात गेला असावा, कारण मुलाने आवाज एकदम चढवला.

‘‘नाय आबा, त्यांच्या मागोमाग. हो, लगेच.’’

मग तो बराच वेळ नुसते ऐकत राहिला. फोन ठेवून त्याने चहाचा पेला उचलला. मी विचारले, काय म्हणाले?

‘‘पौषातली तीज कोणत्या वारी येते, ते बघून ठेवतायत.’’