फ्यूज शाबूत, मोटर जळालेली

"फ्यूज तं साबूत हाय भाऊ, मंग मोटर कायले जळली?" मालेगाव तालुक्यातले ते काका हरभऱ्याचं पाणी अर्धवट टाकून वाशीमला माझ्याकडे आले होते. पाच एचपीची मोटर, आणि स्टार्टरच्या पेटीतून काढलेली तीन पांढरी काडतुसं. तिन्ही चालू. त्यांवर दहा अँपिअर लिहिलेलं, आणि बाजूला दोन अक्षरं: धाकटा ए, मोठा एम.

आकडा सगळे वाचतात, अक्षरं कोणी पाहत नाही. पहिलं अक्षर 'जी' असेल तर फ्यूज थोडा जास्तीचा भारही कालांतराने तोडतो. वीस अँपिअरचा जीजी फ्यूज बत्तीस अँपिअरला तासाभरात वितळलाच पाहिजे. 'ए' असेल तर तो फक्त मोठा दोष, म्हणजे शॉर्टसर्किट तोडतो. एम म्हणजे मोटरसाठी. पाच एचपीची मोटर चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना काही सेकंद त्याच्या सहापट ओढते. तेवढ्यानं उडू नये म्हणून एएम फ्यूज चौपट प्रवाह साठ सेकंद सोसतो. मानकाचीच तशी अट आहे.

काकांकडे रात्री एक फेज गेला होता. उरलेल्या दोन फेजांवर मोटर सुमारे पावणेदोनपट, म्हणजे तेरा अँपिअर ओढत राहिली. दहाचा एएम त्याला दाद देणार नाही. आणि खरं सांगायचं तर वीसच्या जीजीनेही दिली नसती. हे काम ओव्हरलोड रिलेचं. तो कुणीतरी वायर जोडून बाजूला काढलेला होता, "सारखा ट्रिप होते" म्हणून. रिले सारखा ट्रिप होत होता, कारण फेज सारखा जात होता. इशारा देणाऱ्यालाच गप्प केलं, याची मला फार चीड येते. त्यात कुणाचं तरी पीक सुकतं.

कॉइल भरून दिली, रिले नवा बसवला, साडेसातवर लावला, सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर.

आता सौर पंपाच्या पेट्याही दुरुस्तीला येतात. तिथे जीपीव्ही फ्यूज हवा. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. पॅनेलच्या डीसीत तो शून्यावर येतच नाही. साधा जीजी तिथे बसला, तर आतली ठिणगी पेटतीच राहू शकते. म्हणून फोनवर कुणी नुसतं "पंधराचा फ्यूज द्या" म्हणालं, की मी जुन्या काडतुसाचा फोटो मागवतो, अक्षरं दिसतील असा.