बालवर्गाचे दार

इंदूरच्या पश्चिम भागात, मल्हारगंजाजवळ, बडा गणपतीचे देऊळ आहे. तेथील मूर्ती बसलेली असूनही सुमारे पंचवीस फूट उंच आहे. या देवळाच्या परिसरात आम्ही बरीच वर्षे वकिली करीत आलो आहोत. विद्यारंभी मुलाला गजाननाच्या पायांशी आणावे, ही आपली जुनी रीत. परंतु अलीकडे पुष्कळ आईबाप येतात ते विद्येचा आरंभ झाला म्हणून नव्हे, तर तो होऊ द्यावा अशी विनवणी करण्यासाठी. नर्सरीची यादी लागावयाची असते. देवापाशी गाऱ्हाणे घालून झाल्यावर त्यांतील काही जण आमच्याकडे येतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोचतो, असे आम्ही समजतो.

अशाच एका जोडप्याची ही हकीकत. गृहस्थ कापडाच्या दुकानात हिशेबनीस. पत्नीचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. एका शाळेने त्यांना साडेतीन वर्षांच्या मुलासह भेटीस बोलाविले. मुलाला रंगांची नावे विचारली, तेव्हा ते आईच्या पदराआड लपले. त्या वयाच्या मुलाने दुसरे काय करावे? मग आईबापांना पदव्या विचारल्या, घरात कोणती भाषा बोलता हे विचारले, आईला इंग्रजी येते का हेही विचारले. यादीत मुलाचे नाव आले नाही, आणि कारणही कोणी सांगितले नाही. ते गृहस्थ आम्हांस म्हणाले, "वकीलसाहेब, परीक्षा मुलाची होती की आमची? आमची असेल तर आम्ही नापास, हे कबूल. पण मग शिक्षा त्याला का?"

प्रश्न साधा होता; उत्तर मात्र कायद्यात शोधावे लागले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १३ अन्वये प्रवेश देताना देणगी घेण्यास, तसेच मुलाला किंवा आईबापांना चाळणी लावण्यास मनाई आहे. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. इतके वाचून कोणासही धीर येईल. परंतु वकिलाला कलम २ देखील वाचावे लागते. आणि तेथे 'बालक' म्हणजे सहा ते चौदा वर्षे वयाचे मूल, अशी व्याख्या आहे. साडेतीन वर्षांचे मूल आईच्या दृष्टीने बालक असेल. या कायद्याच्या दृष्टीने ते अद्याप बालकच नव्हे!

कायद्याने एक खिडकी मात्र उघडी ठेवली आहे. कलम १२ प्रमाणे खाजगी शाळांनी पहिलीच्या वर्गातील निदान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात, आणि शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास हा नियम तेथपासूनच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरविली. मध्यप्रदेशात या जागा सोडतीने भरल्या जातात. आमचे हिशेबनीस मात्र ना त्या दुर्बल घटकांत बसत होते, ना सधनांत; ते उरलेल्या ७५ टक्क्यांच्या रांगेत उभे होते.

त्या रांगेसाठी केंद्र सरकारने २३ नोव्हेंबर २०१० रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. आईबापांच्या शिक्षणावरून मुलाची प्रतवारी करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. पण १९ फेब्रुवारी २०१३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, २५ टक्के जागा सोडल्यास या सूचना नर्सरीच्या प्रवेशांना लागू होत नाहीत. दिल्लीचा निर्णय मध्यप्रदेशावर बंधनकारक नसला, तरी त्याचे वजन असतेच. सबब दाव्याचा भरवसा आम्ही त्या गृहस्थांना देऊ शकलो नाही.

आमच्या मते खरा अन्याय येथेच आहे. नर्सरीतील मुलेच पुढे पहिलीत जातात. त्यामुळे अनेक शाळांत पहिलीच्या वर्गात नव्या मुलाला जागाच उरत नाही. म्हणजे हक्क मिळतो सहाव्या वर्षी, आणि दार बंद होते तिसऱ्या वर्षी! २००२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा उल्लेख केला. परंतु राज्य तसा 'प्रयत्न करील', एवढेच तेथे म्हटले आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षणाचा पाया तिसऱ्या वर्षापासून धरला. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि व्याख्या जेथे होती तेथेच आहे.

शाळाचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. जागा शंभर आणि अर्ज पाचशे, तर निवड कशी तरी करावी लागणारच. हे खरे, पण निवड गुणांवर करावयाची तर गुण मोजता आले पाहिजेत. तिसऱ्या वर्षी मोजता येतात ते बापाचा पगार आणि आईची भाषा. नर्सरीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ सालीच केली होती. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेचे दार सर्व जातींना उघडे नव्हते, हे विसरून तिचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि आत घेतलेल्या मुलाला तेथे ओनामापासून शिकवीत. ओनामा येतो का, असे विचारून आत घेत नसत.

म्हणून या वयाला न्याय्य मार्ग दोनच दिसतात: घराचे अंतर आणि उघड सोडत. सोडतीने जागा वाढत नाहीत, हा आक्षेप योग्यच आहे. त्यासाठी सरकारी बालवर्ग आणि अंगणवाड्याच सुधाराव्या लागतील. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासींच्या अंगणांत बालशिक्षण नेले, ते कोणाची चाळणी लावून नव्हे. परंतु सोडतीत हरलेले मूल नापास ठरत नाही आणि त्याच्या आईला आपल्या भाषेची लाज वाटत नाही, हा लाभ लहान नव्हे.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. आपल्या समाजातील अनेक देवस्थाने व विश्वस्त मंडळे शाळा आणि बालवर्ग चालवितात, आणि या मासिकाचे कित्येक वाचक त्यांच्या कार्यकारिणीवर असतील. प्रवेशाच्या अर्जातून आईबापांच्या पदव्यांचा रकाना काढून टाकण्यास कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. चिठ्ठ्या सर्वांसमक्ष उचलण्यासही लागत नाही. देवळात प्रसाद वाटताना पुढे आलेल्या चिमुकल्या हाताला आपण वडिलांचे उत्पन्न विचारीत नाही; तोच न्याय अक्षरांच्या बाबतीत पाळणे आपणांस अवघड वाटू नये.