जर्मन खाणावळीत जेवायला जाताना

मुलगा-सून किंवा लेक-जावई जर्मनीला आहेत, अशी घरं आता जळगाव-धुळ्यातही आढळतात. कधीतरी आई-वडिलांना बोलावणं येतं. थंडीचे कपडे, औषधं, मसाले, सगळी तयारी होते. पण तिथल्या जुन्या खाणावळीत जेवायला जायचं ठरलं, की आई हळूच मागं सरते. "तुम्ही जाऊन या, मी घरीच खिचडी टाकते." तिथं आपल्याजोगं काही नसणार आणि आपल्यापायी पोरांचा विरस नको, एवढाच तिचा विचार!

मैत्रिणींनो, असं मागं राहू नका. जुन्या पद्धतीची जर्मन खाणावळ, म्हणजे 'गास्टहाउस' किंवा 'विर्ट्सहाउस', ही धास्ती घेण्यासारखी जागा नाही. चार गोष्टी माहीत असल्या, की झालं.

पदार्थांची यादी किमतींसह दाराशीच लावलेली असते. ती आधी सावकाश वाचवून घ्या. खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच खाणावळींची चूल दुपारी दोनच्या सुमारास बंद होते, ती संध्याकाळीच पेटते. एखाद्या टेबलावर 'श्टामटिश' अशी पाटी दिसली, तर तिथं बसायचं नाही. ती रोजच्या गिऱ्हाइकांची जागा. आपल्याकडे पारावर ज्याची त्याची जागा ठरलेली असते ना, तसंच!

आता शाकाहारी बायकांची मुख्य काळजी. 'ओहने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय. पण एवढ्यानं भागत नाही, बरं का! 'झाउअरक्राउट' म्हणजे बारीक चिरून, मीठ लावून आंबवलेला कोबी. तो शिजवताना पुष्कळदा डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. बव्हेरियातल्या बटाट्याच्या सॅलडमध्येही मांसाचं पाणी असू शकतं. म्हणून 'ओहने श्पेक' हेही सांगावं आणि रस्सा कशाचा आहे, ते विचारावं. अंडं चालत नसेल, तर 'ओहने आय' म्हणा. इथं 'आय' म्हणजे अंडं, आपली माय नव्हे, हं!

अंडं चालणाऱ्यांनी 'केझेश्पेट्सले' जरूर मागवावं. मैदा नि अंड्याचं दाटसर पीठ भोकांच्या साच्यातून उकळत्या पाण्यात पाडतात. मग त्यावर चीज आणि तळलेला कांदा. आपण सोऱ्यातून कढईत शेव पाडतो, त्याचीच आठवण येते. बटाट्याचा 'क्नोडल' पाहिलात, तर वरण-बट्टीची आठवण येईल. पाण्यात शिजवलेला हा गोळा रश्शाबरोबर खातात. तो सुरीनं कापायचा नाही, काट्यानंच फोडायचा, अशी तिथली रीत आहे. आपणही बट्टी कुस्करूनच खातो की!

नुसतं पाणी मागितलंत, तर बहुधा सोड्याचं येईल आणि त्याचे पैसेही पडतील. साधं हवं असेल, तर 'श्टिलेस वासर' म्हणा.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगते. तिथं सगळ्यांची ताटं आली, की 'गुटेन आपेटीट' म्हणून सारे एकदमच सुरुवात करतात. आपला जन्म सगळ्यांना वाढून, उरलंसुरलं गार खाण्यात गेलेला. इथं तुमचंही गरम ताट सर्वांबरोबर समोर येतं. दुसऱ्याच्या ताटात काय कमी आहे, ते बघत बसू नका. पहिला घास सगळ्यांबरोबर घ्या.

शेवटी बाई विचारेल, 'त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?' म्हणजे बिल एकत्र की वेगवेगळं? हा प्रश्न तिथं अगदी साधा, त्यात अपमान नाही. बक्षिशी टेबलावर ठेवण्यापेक्षा पैसे देतानाच पाच-दहा टक्के वाढवून रक्कम सांगतात.

आणि आता खास आपल्यासाठी गंमत! म्यूनिकला जाणं झालं, तर झाडांखालच्या 'बिअरगार्टन'मध्ये जाच. नावावर जाऊ नका, तिथं सफरचंदाचा रसही मिळतो. १८१२ साली बव्हेरियाच्या राजानं बिअर गाळणाऱ्यांना आपल्या बागांत बिअर आणि पाव विकायची मुभा दिली, पण जेवण विकायला मनाई केली. मग लोक घरून डबा आणू लागले. ती रीत आजही टिकून आहे. पेय तिथलंच घ्यायचं, जेवण आपलं चालतं. मात्र टेबलक्लॉथ घातलेल्या टेबलांवर वाढपी असतात, तिथं डबा उघडायचा नाही.

इंग्लिशर गार्टन या बागेत चिनी मनोऱ्याखाली सुमारे ७००० माणसं बसतात. लांब बाकांवर अनोळखी माणसं शेजारी-शेजारी जेवतात, आपल्या शेतातल्या भरीत पार्टीसारखी. तिथल्या बाजारात मोठं वांगं मिळतं. घरी भाजून, कांद्याची पात नि मिरची घालून भरीत करा, भाकरी थापा, सोबत इकडून नेलेले बिबडे घ्या. शेजारच्यांनी कुतूहलानं पाहिलं, तर खुशाल चव द्या.

सामान बांधताना एवढं ध्यानात ठेवा. तूप, पेढे, दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून नेता येत नाहीत. ताज्या भाज्या नि बहुतेक फळांना सरकारी दाखला लागतो. केळ्यांना मात्र त्यातून सूट आहे. जळगावकरणींनो, तेवढी सोय आपली झाली!