कानाची परीक्षा

पेपर काढणं हे शिकवण्याइतकंच कसबाचं काम आहे आणि आपल्याकडे त्याची कदर फार कमी होते. अभ्यासक्रम पूर्ण झाला का, हे सगळे विचारतात. पेपरातला तिसरा प्रश्न नेमकं काय मोजतो, हे कुणी विचारत नाही. मी सुरतेजवळच्या कामरेजला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. आता निकालाच्या तक्त्यापेक्षा प्रश्नपत्रिकेकडेच माझं जास्त लक्ष असतं, कारण प्रश्न चुकीचा असेल तर तक्त्यातला आकडा खोटं बोलतो.

आमची शाळा गुजराती माध्यमाची. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथून जवळ आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची घरघर दिवसभर वर्गात येते. वर्गात सौराष्ट्रातून आलेल्या रत्नकलाकारांची, म्हणजे हिरे घासणाऱ्या कारागिरांची मुलं आहेत, ऊस पिकवणाऱ्या पाटीदारांची आहेत, चौधरी-वसावा या आदिवासी घरांतली आहेत. आणि धुळे-नंदुरबार-जळगावकडून पोटासाठी आलेल्या आपल्या माणसांचीही आहेत. त्यांच्या घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी. एवढ्या भाषा रोज कानावर झेलणाऱ्या मुलांचा कान कच्चा असेल, असं कुणी म्हणू शकणार नाही. तरीही बारावीपर्यंत त्यांच्या इंग्रजीच्या कानाची परीक्षा एकदाही होत नाही. बोर्डाचा पेपर लेखी. उतारा वाचा, उत्तर लिहा, पत्र लिहा, रिकाम्या जागा भरा. जे परीक्षेत नाही ते वर्गात नाही, हा आपल्याकडचा अलिखित कायदा आहे.

या परंपरेचं मूळ जुनं आहे आणि तिच्यात मराठी माणसाचाही वाटा आहे. 1836 साली मराठीचं व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. सुधारक दुर्गाराम मेहताजींबरोबर 1844 मध्ये त्यांनी मानवधर्म सभा काढली, ती सुरतेतच. त्या काळी इंग्रजी येणं म्हणजे व्याकरण येणं आणि भाषांतर करता येणं. पुढे मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ या पुस्तकांवर इंग्रजी शिकल्या, आणि चांगली शिकल्या. तेव्हा इंग्रजी बोलणारा माणूस सहज भेटत नव्हता, म्हणून कानाचा विचार कुणी केला नाही, हे समजू शकतं. आज तो आवाज मुलांच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. परीक्षा मात्र अजून कागदावरच अडकली आहे.

म्हणून शाळेच्या अंतर्गत चाचण्यांत मी ऐकण्याचा भाग घालते. तो कसा तयार होतो, ते जरा सविस्तर सांगते, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

एक उदाहरण घ्या. सुरतेच्या कापड बाजारातला एक व्यापारी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन करतोय. मी स्वतः लिहिलेला आणि रेकॉर्ड केलेला संवाद: ‘सेंड फॉर्टी पार्सल्स ऑन थर्सडे. नो, वेट, थर्सडे इज अ हॉलिडे. मेक इट फ्रायडे. अँड नॉट फॉर्टी. ओन्ली फोर्टीन.’ प्रश्न साधे आहेत: माल कोणत्या दिवशी जायचा, पार्सलं किती, आणि बोलणारा माणूस माल पाठवणारा की नेणारा. जो मुलगा पहिला आकडा ऐकून पेन टेकवतो तो चुकतो. जो शेवटपर्यंत थांबतो त्याचं बरोबर येतं. माणसं खऱ्या फोनवर अशीच बोलतात. आधी एक सांगतात, मग फिरवतात. पाठ्यपुस्तकातला उतारा कधी असा स्वतःला दुरुस्त करत नाही.

फॉर्टी आणि फोर्टीन यांतला फरक शेवटच्या ‘न’मध्ये आहे, असं मुलांना वाटतं. गोंगाटात तो ‘न’ सगळ्यात आधी हरवतो. खरा फरक आघातात आहे. एकात जोर पहिल्या अक्षरावर, दुसऱ्यात शेवटच्यावर. पण याच फोर्टीनपुढे नाम आलं, ‘फोर्टीन पार्सल्स’ असं म्हटलं, की जोर सरकून पुढे पहिल्या अक्षरावर येतो आणि दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात. म्हणून तो आकडा मी मुद्दाम वाक्याच्या शेवटी ठेवला. अकरावीत आकडा शेवटी, बारावीत नामाआधी. काठिण्य असं वाढवायचं असतं. अवघड शब्द कोंबून किंवा रेकॉर्डिंगचा वेग वाढवून वाढवलेलं काठिण्य मला पटत नाही.

मग येतो पर्यायांचा प्रश्न. तीन पर्यायांपैकी दोन उघड मूर्खासारखे असतील तर ऐकायची गरजच उरत नाही. म्हणून प्रश्नपत्रिका तयार झाली की ती मी स्टाफरूममध्ये संस्कृत शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना देते आणि रेकॉर्डिंग न ऐकवता सोडवायला सांगते. त्यांनी नुसत्या अंदाजाने जे प्रश्न बरोबर सोडवले ते मी काढून टाकते. ते ऐकण्याचे प्रश्न नसतातच, तर्काचे असतात. ‘थर्सडे’ आणि ‘फ्रायडे’सोबत तिसरा पर्याय ‘संडे’ ठेवला तर तो कुणीच निवडणार नाही. बाजार रविवारी बंद, एवढं या भागातल्या पोराला कळतं.

प्रश्न आधी वाचायला वेळ द्यायचा की नाही, यावर मतभेद आहेत. माझं मत ठाम आहे: द्यायचाच. आपण रेल्वे स्टेशनवर उद्‌घोषणा ऐकतो तेव्हा आपली गाडी कोणती हे आपल्याला आधीच माहीत असतं. काय ऐकायचंय हे ठाऊक असताना ऐकणं हीच रोजची रीत आहे. प्रश्न मागाहून दिले तर परीक्षा स्मरणशक्तीची होते. उत्तराचं स्पेलिंग चुकलं म्हणून ऐकण्याच्या प्रश्नात मी गुण कापत नाही. ‘फ्रायडे’ची अक्षरं मागेपुढे झाली तरी त्या मुलाने शुक्रवार ऐकलाय, हे मला दिसतं. स्पेलिंगची परीक्षा घ्यायला दुसरे प्रश्न आहेत. एका चुकीसाठी मुलाला दोनदा शिक्षा करणं मला अन्याय वाटतो.

रेकॉर्डिंग किती वेळा लावायचं? पहिल्यांदा संपलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “बेन, फरीथी वगाडो ने!” अकरावीला मी दोनदा लावते, बारावीच्या दुसऱ्या सत्रात एकदाच. चाचणी तपासून झाली की गुणांची बाकांप्रमाणे रांगवार मांडणी करते. मागच्या दोन रांगांचे गुण पुढच्यांपेक्षा सरसकट कमी दिसले तर त्यात इंग्रजीचा काही संबंध नाही, तो स्पीकरचा आणि पंख्यांचा दोष आहे. अशी चाचणी रद्द करायची, खोली बदलायची, पुन्हा घ्यायची. खिडकीबाहेर ट्रॉल्या सुरू असताना घेतलेल्या परीक्षेवरून कुणाच्या कानाला नावं ठेवू नयेत.

उच्चारांचं म्हणाल तर मी विलायती आवाजाच्या मागे लागत नाही. आमच्या मुलांना पुढे इंग्रजी ऐकायचंय ते चेन्नईच्या खरेदीदाराचं, मुंबईच्या बँकेतल्या बाईंचं, फार तर दुबईच्या ऑफिसचं. म्हणून वेगवेगळ्या प्रांतांतल्या ओळखीच्या माणसांकडून मी संवाद रेकॉर्ड करून घेते. पण काही फरक शिकवावेच लागतात. ‘हॉल’ आणि ‘होल’, ‘स्नॅक’ आणि ‘स्नेक’ गुजराती घरातल्या मुलांच्या कानात एक होतात. आपल्या मराठी मुलांना ‘शिप’ आणि ‘शीप’मधलं ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना कळतं, ऐकताना निसटतं. असे शब्द सुटे विचारण्यात अर्थ नाही. वाक्यात अर्थ बदलत असेल तरच विचारावेत.

व्याकरणाच्या बाबतीत आमच्या बोर्डाने एक चांगली गोष्ट केली आहे. नियमाचं नाव न विचारता वाक्य काय काम करतं, ते विचारलं जातं: विरोध दाखवतं, हेतू सांगतं, तुलना करतं, प्रक्रिया समजावतं. मुलं याला ‘फंक्शन’ म्हणतात. कल्पना उत्तम. पण गाईडांनी आणि क्लासेसनी तिचा तक्ता करून टाकला. ‘दो’ किंवा ‘ऑल्दो’ दिसलं की विरोध, ‘सो दॅट’ दिसलं की हेतू. मुलं वाक्य वाचतच नाहीत, खुणेचा शब्द शोधतात. म्हणून मी खुणेचा शब्दच काढून टाकते. ‘ही वॉज इल. ही केम टु स्कूल.’ या दोन वाक्यांत नातं कोणतं? वर्गातली हुशार म्हणून नावाजलेली मुलंही इथे थबकतात, आणि तक्ता पाठ न केलेली एखादी मुलगी पटकन सांगते. व्याकरण कुणाला कळलंय ते तेव्हा कळतं.

‘मी इथे पाच वर्षांपासून राहतो’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात चालतं. गुजरातीतही ‘पांच वरसथी रहुं छुं’ तसंच चालतं. दोन्ही मायभाषा एकाच दिशेला ओढतात, मग इंग्रजीतही वर्तमानकाळच उतरतो आणि ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ येतं. हे कंसात तीन पर्याय देऊन तपासता येत नाही. तिथे तिसरा हिस्सा गुण नशिबाने मिळतात. त्यापेक्षा सलग परिच्छेद द्यावा आणि त्यातला दर सातवा शब्द गाळावा. ही पद्धत विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये मांडली. तिला क्लोझ म्हणतात. मूळ पद्धतीत गाळलेला नेमका तोच शब्द आला तरच गुण होता. मी अर्थाला आणि व्याकरणाला बसणारा कोणताही शब्द मान्य करते. तपासायला वेळ दुप्पट लागतो, पण काळाचं भान, विशेषणाची जागा, ‘अ’ की ‘द’ हे सगळं त्या एका परिच्छेदात उघडं पडतं.

शब्दसंपत्तीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपण मुलांना शब्द येत नाहीत म्हणतो, ते खरं नाही. हिऱ्याच्या कारखान्यातल्या बापाच्या तोंडून घंटी, तळियुं, मथाळा यांच्याबरोबर पॉलिश, कट, कॅरेट, क्लॅरिटी, गर्डल हे शब्द मुलं लहानपणापासून ऐकतात. लूम चालवणाऱ्यांच्या घरी बीम, बॉबिन, चलान, डिस्पॅच, पेमेंट हे रोजचे शब्द. ‘ग्रे’ म्हणजे प्रोसेस न झालेलं कोरं कापड, हे सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये वाढलेल्या पोराला पाठ असतं. तोच शब्द पुस्तकात आकाशाच्या रंगासाठी आला की ते गोंधळतं. याचा अर्थ त्यांच्या कानातली शब्दसंपत्ती डोळ्यांतल्यापेक्षा मोठी आहे. छापील शब्द दाखवून विचारलं तर ती दिसतच नाही. म्हणून मी काही शब्द ऐकवून विचारते आणि अर्थ गुजरातीत, हिंदीत, मराठीत कशातही लिहू देते. ज्या मुलाला आपण कच्चा समजत होतो त्याची वही तेव्हा भरलेली दिसते.

मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे दोन हजार मूळ शब्दांची यादी प्रसिद्ध केली. हा माणूस 1920च्या दशकात ढाक्याला शिक्षक घडवत होता, म्हणजे आपल्यासारख्याच अनेकभाषी मुलांचा त्याला अनुभव होता. नेहमी लागणारे शब्द आधी, दुर्मिळ नंतर, हा त्याचा आग्रह मला आजही योग्य वाटतो. आमच्या धड्यांखालच्या शब्दार्थांत नेमका उलटा प्रकार असतो. आयुष्यात पुन्हा न भेटणारा शब्द ठळक छापलेला असतो, आणि ‘स्टिल’, ‘येट’, ‘इव्हन’ यांसारखे वाक्याचा अर्थच फिरवणारे शब्द सोपे म्हणून सोडलेले असतात.

बारावीनंतर काय होतं ते मी दर वर्षी बघते. बाहेरदेशी जाऊ पाहणारी मुलं आयईएलटीएसच्या क्लासला फी भरतात. तिथे ऐकण्याच्या भागात चाळीस प्रश्न, चार भाग, रेकॉर्डिंग एकदाच. बारा वर्षं शाळेत इंग्रजी शिकून कानाची पहिली खरी परीक्षा पैसे मोजून द्यायची वेळ येते. ज्यांच्याकडे फी नाही ती मुलं डिस्पॅचच्या टेबलावर किंवा कस्टमर केअरच्या फोनवर पहिल्या दिवशी गोंधळतात आणि आपल्याला इंग्रजीच येत नाही, असं ठरवून गप्प बसतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांना इंग्रजी येत असतं. त्यांना कुणी ऐकवलेलं नसतं.

महाराष्ट्र बोर्डाने बारावीच्या इंग्रजीत 80 गुण लेखी आणि 20 गुण तोंडी व श्रवण परीक्षेला ठेवले आहेत. सीबीएसईच्या शाळांतही बोलण्या-ऐकण्याचं मूल्यमापन होतं. पण जिथे हे गुण शाळेच्या हातात असतात तिथे ते बहुधा सढळ हाताने वाटले जातात, आणि वाटलेले गुण काही मोजत नाहीत. म्हणून माझं मागणं थोडं वेगळं आहे. गुजरात बोर्डाने बारावीला ऐकण्यासाठी दहाच गुण ठेवावेत, पण सगळ्या केंद्रांवर एकच रेकॉर्डिंग, एकाच दिवशी, एकाच वेळी लावावं. प्रॅक्टिकल परीक्षांची व्यवस्था आपण करतोच, हीही करता येईल. तोवर माझ्यासारख्या शिक्षकांना एक विनंती: येत्या चाचणीत ऐकण्याचे पाच प्रश्न घाला, आणि ते छापायला देण्याआधी दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाकडून रेकॉर्डिंग न लावता एकदा सोडवून घ्या.